दातांचा डॉक्टर पाण्यात

आधीच सांगून ठेवतो, माणसं ओळखण्यात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय! तुम्ही लोक चेहरे बघता. चेहऱ्यात काय असतं हो? दाढी वाढवली, केस कापले, चष्मा काढून खिशात टाकला की चेहऱ्याचा कारभार आटोपला. मी कपडे बघतो. कपडे खोटं बोलत नाहीत. बटण कुठलं तुटलंय, कॉलर कुठं झिजलीय, बाही दुमडायची सवय आतल्या बाजूनं की बाहेरच्या, एवढं दिसलं की माणसाची कुंडली माझ्यापुढं उघडी.

आणि हे मी उगाच फुशारकी म्हणून सांगत नाही. माझा धंदाच तो. हिंदी सिनेमाच्या सेटवर मी कपडे सांभाळतो. हिरोचे, हिरोईनचे, तिच्या बापाचे, बापाच्या नोकराचे. सगळे मला ड्रेसदादा म्हणतात. आज दारातून आत येतानाचा हिरो आणि महिन्याभरानं शूट केलेला दाराच्या आतला हिरो यांच्या शर्टाची वरची दोन बटणं सारखीच उघडी असतात, ती माझ्यामुळे. नाहीतर एका पावलात हिरोला थंडी वाजून गेली असं दिसेल.

सध्या जो सिनेमा चाललाय त्याची गोष्ट ऐका. श्रीमंत हिरो मुलगी बघायला जातो. मुलगी आपल्याला पसंत करते की आपल्या बंगल्याला, अशी त्याला शंका. म्हणून तो आपले कपडे मित्राला घालतो आणि स्वतः मित्राचे घालतो. तिकडं मुलीनंही मैत्रिणीबरोबर तोच उद्योग करून ठेवलेला. मग अडीच तास चौघं एकमेकांच्या मागं पळतात आणि मुलीचा बाप काठी घेऊन चौघांच्या मागं.

मी दिग्दर्शकसाहेबांना पहिल्याच दिवशी म्हटलं, "साहेब, नुसते कपडे बदलले म्हणून माणूस ओळखू येत नाही? इतका बावळट बाप असतो का कुठं?"

साहेब म्हणाले, "दादा, तुम्ही इस्त्री करा."

मी इस्त्री केली. पण माझं मत बदललं नाही.

आता घरातली गोष्ट. मला एक धाकटी बहीण आहे. घरात आम्ही तिला छोटी म्हणतो. छोटी आता ग्रंथालयात काम करते, चार माणसांना दरडावून गप्प बसवते, पण आमच्यासाठी छोटीच. ती एकदा अक्कलदाढ दुखते म्हणून दातांच्या डॉक्टरकडं गेली. दाढ एकदाच काढायची असते. ही नंतर दर आठवड्याला जायला लागली. मी म्हटलं, "एवढ्या दाढा तुझ्या तोंडात आहेत तरी कुठं?" तेव्हा खाली मान घालून म्हणाली, "दादा, मी त्यांच्याशी लग्न करायचं म्हणते."

आईनं सगळं शांतपणे ऐकलं आणि हात झटकून मोकळी झाली. "दादाला एकदा बघू दे. त्याला माणसं कळतात. तो हो म्हणाला तर माझं हो. तो नको म्हणाला तर विषय बंद."

बघा! आईचा विश्वास! छोटीचा चेहरा मात्र पडला.

"दादा, तू त्यांना उलटसुलट विचारून घाबरवशील. ते फार भिडस्त आहेत रे."

"भिडस्त माणूस लोकांच्या तोंडात पकड घालतो?"

"बघ, हे असं! असं बोलू नकोस. आणि रविवारी घरी बोलावू का?"

मला कुठला आलाय रविवार? शूटिंग चालू असताना आम्हाला वारच नसतात. मी म्हटलं, "सेटवर पाठव त्याला. बंगल्यातच शूटिंग आहे. खालच्या मजल्यावर माझी कपड्यांची खोली आहे, तिथं येऊ दे."

"फोटो दाखवते थांब, म्हणजे ओळखशील."

"फोटो ठेव तुझ्याकडं. फोटोत सगळेच गुणी दिसतात. कपडे कोणते घालणारेय ते सांग."

छोटी जरा लाजली. "मीच घेतलेला शर्ट घालायला सांगणारेय. मोहरीच्या रंगाचा. खिशावर हिरव्या दोऱ्याची शिलाई आहे."

"मग झालं तर! हजार माणसांत उभा असला तरी त्याला हाताला धरून बाजूला काढीन."

जाता जाता ती म्हणाली, "मी त्यांना सांगून ठेवलंय, दादा म्हणेल त्याला नाही म्हणायचं नाही. तेव्हा तूही जरा नीट वाग."

हे तिनं त्याला सांगायला नको होतं.

त्या दिवशी सकाळपासून सेटवर बोंब. बंगल्याच्या मागच्या अंगणात पोहण्याचा तलाव आहे. छातीभर पाणी. सीन असा, की हिरोचं सोंग उघडं पडतं, मुलीचा बाप काठी उगारून धावतो, हिरो उलट्या पावलांनी मागं सरकत जातो, केकच्या गाडीवर आदळतो आणि केकसकट पाण्यात. हिरो स्वतः पाण्यात पडणार नाही, कारण त्याचे केस ओले करायला त्याच्या केसवाल्याची परवानगी लागते. म्हणून डबल. डबल म्हणजे हिरोच्या जागी पडणारा, धडपडणारा, मार खाणारा माणूस. त्याचा चेहरा पडद्यावर दिसत नाही. दिसतात ते खांदे आणि कोट, आणि ते दोन्ही माझं खातं.

आमच्या नेहमीच्या डबलचा पाय मुरगळला होता. डबल पुरवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना सगळे मावशी म्हणतात. मावशींचा निरोप आला, नवा माणूस पाठवतेय. कोण, कसा, काही नाही. नुसतं, "तुमच्या कोटात बसेल."

मी तोंडात टाचण्या धरून हिरोच्या कोटाची बाही दुमडून टाचत बसलो होतो. हिरोच्या मापाचे एकसारखे क्रीम कोट मी पाण्यासाठी मुद्दाम करून घेतले होते, एक भिजला की दुसरा. तेवढ्यात दारात कुणीतरी खाकरलं. हातात हेल्मेट, अंगात गळ्यापर्यंत चेन ओढलेलं निळं जाकीट.

"ड्रेसदादा आपणच का?"

मी टाचण्यांमधून हुंकार भरला.

"मला तिनं पाठवलं. म्हणाली, थेट दादांनाच भेट."

मावशी आणखी कुणाला भेटायला सांगणार? मी त्याचे खांदे बघितले. अहो, काय खांदे! माझ्या कोटासाठीच उगवल्यासारखे! मी टाचण्या काढल्या आणि म्हटलं, "किती उशीर? सगळे खोळंबलेत. पडद्यामागं जा, आहे ते सगळं काढ आणि हा कोट-पँट चढव."

तो जागचा हलला नाही. "सगळं... काढू?"

"मग काय जाकिटावर कोट घालणार?"

"नाही, म्हणजे... आधी बसून जरा बोलायचं होतं ना?"

"बोलायचं काम इथं दुसरे करतात. तुझं काम वेगळं."

तो पडद्यामागं गेला आणि निमूट कपडे बदलून आला. कोट असा बसला होता, की मी एक टाका घातला नाही! काढलेले कपडे त्यानं कुठं ठेवले ते मी बघितलंही नाही. कशाला बघू? ते माझ्या सिनेमातले नव्हते.

मी त्याला हाताला धरून तलावाकडं नेलं. सहायक दिग्दर्शिका तिथं उभी होती. तिच्या हातातला वॉकीटॉकी कधी सुटत नाही, म्हणून मी तिला वॉकीबाई म्हणतो. मी म्हटलं, "हा घ्या मावशींचा माणूस."

वॉकीबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "पोहता येतं?"

"थोडंसं."

"बास. पाणी छातीपर्यंतच आहे. काका काठी घेऊन येतील, तू बघत बघत मागं जायचं, गाडीला धडकायचं आणि पडायचं. चेहरा कॅमेऱ्याकडं वळवायचा नाही. कळलं?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. हरवलेलं मूल पोलिसाकडं बघतं तसं. "दादा, हे मी करावं अशी तुमची इच्छा आहे?"

असा डबल मी आयुष्यात बघितला नव्हता! बाकीचे येतात ते गुडघ्याला पट्टी मागत येतात. हा माझी इच्छा विचारतोय! मला भरून आलं. मी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हटलं, "माझी फार इच्छा आहे."

"मग काही प्रश्नच नाही," तो म्हणाला.

काका काठी घेऊन आले. आमचे काका म्हणजे हिरोईनच्या बापाचं काम करणारे नट. तालीम नसली तरी डोळे लाल करतात. त्यांची पहिली आरोळी ऐकून हा बिचारा उलट्या पावलांनी जो सुटला, तो केकची गाडी चुकवून शेजारच्या कुंडीवर आदळला आणि कुंडीसकट पाण्यात गेला.

"कट!" साहेब ओरडले. "कुंडी कुणी मागितली होती? परत!"

तो पाण्यातून वर आला. नाकातोंडातून पाणी, डोक्यावर कुंडीतलं झाड. मी त्याला बाजूला नेलं, टॉवेलनं पुसलं, दुसरा कोट चढवला.

"दादा," तो दात वाजवत म्हणाला, "अजून करायचं आहे?"

"साहेबांचं समाधान होईपर्यंत."

"साहेब म्हणजे... तुमच्या घरातले कुणी?"

"घरातलेच म्हण. इथं त्यांच्याशिवाय पान हलत नाही. त्यांनी हो म्हटलं की सगळ्यांचं हो."

"अच्छा," तो म्हणाला. "हे ती मला बोलली नव्हती."

आणि कॉलेजातली तोंडी परीक्षा द्यायला जावं तसा कोट ओढून पुन्हा तलावाकडं गेला. मी पहिला ओला कोट खांद्यावर टाकला आणि वाळत घालायला खोलीकडं आलो.

दारातच थबकलो. खुर्चीवर एक माणूस पाय पसरून बसला होता. त्याच्या अंगात मोहरीच्या रंगाचा शर्ट. खिशावर हिरव्या दोऱ्याची शिलाई!

मला नंतर कळलं ते आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा गोंधळ नको. हा होता मावशींचा खरा डबल. मी तलावावर असताना आला. गेटवरच्या कुणीतरी "ड्रेसदादांच्या खोलीत जा आणि कपडे बदलून बस" म्हणून सांगितलं. पडद्यामागं एकच शर्ट लटकत होता. अंगाला बरोबर बसला. त्याला वाटलं, हाच आपला ड्रेस. आता माझ्या खोलीत पडद्यामागं शर्ट लटकतोय आणि तो ड्रेस नाही, असं कुठल्या डबलला वाटेल?

पण मला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. मी शर्ट बघितला आणि काम संपलं. हा छोटीचा डॉक्टर! मी ओला कोट टाकला, हात पुसले, आवाज मऊ केला.

"या या! फार वेळ बसावं लागलं का?"

"छे हो, बसायला मिळतंय हेच नशीब," तो म्हणाला. "एरवी आल्या आल्या आपटतात."

मला वाटलं, पेशंट आपटत असतील. दाढ काढताना माणूस हातपाय आपटणारच. मी चहा मागवला.

"काम कसं चाललंय?"

"जोरात! काल सकाळी जिन्यावरून पडलो, दुपारी झाडावरून."

"अरे बापरे! मग दवाखाना?"

"दवाखान्यात तर महिन्यातून एकदा असतोच."

"एकदाच?"

"जास्त काम असलं तर दोनदा."

मी चहाचा कप खाली ठेवला. महिन्यातून एकदा दवाखान्यात जाणारा डॉक्टर! बाकी दिवस झाडावर!

"पण हातात कला आहे म्हणे तुमच्या," मी म्हटलं. छोटीनं तसं सांगितलं होतं.

त्यानं उजवा हात पुढं केला. "हा दोनदा मोडलाय. आता पूर्वीसारखा वळत नाही. पण कुणाला कळत नाही, मी डाव्यानं भागवून नेतो."

"आणि दात?" मी हळूच विचारलं.

"पुढचे दोन नकली आहेत," तो हसून म्हणाला आणि ते दाखवले.

"नाही, दुसऱ्यांचे दात..."

"ते हो... एकदा एकाचे पाडले. चुकून! ठोसा जरा जवळून गेला. मग माफी मागितली, त्याला केळीचं शिकरण नेऊन दिलं, मिटलं प्रकरण."

आता तुम्ही म्हणाल, अहो ड्रेसदादा, इतकं ऐकून तुमच्या डोक्यात उजेड पडला नाही? पडला असता हो! पण शर्ट समोर होता ना! हिरवी शिलाई समोर होती! डबलला मी माझ्या हातानं तलावात सोडून आलो होतो. मग हा डॉक्टरशिवाय दुसरा कोण असणार? मी मन घट्ट केलं आणि मुद्द्यावर आलो.

"लग्नाबद्दल काय विचार आहे?"

"लग्नं? गेल्या आठवड्यातच दोन केली."

"दोन?"

"एक बागेत, एक बोटीवर. बागेतलं लवकर उरकलं. बोटीवरच्याला नवरीनं ढकलून दिलं मला."

"आणि... नवरी?"

"कोण होती कुणास ठाऊक. माझी पाठ होती ना तिच्याकडं." मग जरा विचार करून म्हणाला, "आता आज इथलं. इथं काय, नुसतं ढकलणार की आधी मारणार?"

माझे हात मारायला शिवशिवत होते, पण पाहुणा होता. मी "आलोच" म्हणून बाहेर पडलो आणि पॅसेजमधून छोटीला फोन लावला.

"दादा, भेटले का ते? आवडले ना?"

"छोटे, खुर्चीवर बस."

"बसलेय. काय झालं?"

"तुझा डॉक्टर झाडांवरून पडतो. त्याचा हात मोडलेला आहे. पुढचे दात नकली आहेत. लोकांना ठोसे मारून दात पाडतो आणि नंतर शिकरण नेऊन देतो. आणि त्यानं गेल्या आठवड्यात दोन लग्नं केलीत!"

मग छोटी म्हणाली, "दादा, तुला ऊन लागलंय का?"

"स्वतःच्या तोंडानं बोललाय! हसत हसत!"

"शक्य नाही. ते गेल्या आठवड्यात रोज संध्याकाळी माझ्याबरोबर होते."

"मग सकाळी केली असतील. विषय बंद! माझं नको. आईला मी आत्ताच कळवतो."

"दादा!" तिचा आवाज चिरकला. "आईला फोन करायचा नाही. मी येतेय. मी येईपर्यंत कुणाला काही बोललास तर बघ! आयुष्यभर तोंड बघणार नाही तुझं!"

छोटी लहानपणापासून भांडत आलीय माझ्याशी, पण हे असं ती कधी बोलली नव्हती. मी फोन खिशात ठेवला. पोरीनं मनापासून जीव लावला होता आणि तिचं स्वप्न माझ्याच हातून मोडणार होतं. पण भावाचं कर्तव्य म्हणून एक असतंच ना! मी आत जाऊन त्या माणसासमोर पहाऱ्याला बसलो. त्यानं माझ्या वाटणीचाही चहा पिऊन टाकला होता.

मध्येच वॉकीबाई आली. "दादा, तिसरा कोट! दुसऱ्यावर केक सांडला."

"पडला ना नीट?"

"पडला, पण काकांना नमस्कार करून पडला. साहेब वैतागलेत."

"नमस्कार?"

"काठी बघून हात जोडले त्यानं. म्हणाला, 'काका, काही चुकलं का माझं?' कुठून आणलात हो हा?"

मी तिसरा कोट घेऊन पळालो. त्याला चढवताना बघितलं, बिचाऱ्याचे ओठ निळे पडले होते, कानात केकचं क्रीम. तरी तोंडातून एक शब्द नाही! उलट मलाच विचारतोय, "दादा, तुम्ही दमला नाहीत ना?" मला त्या क्षणी वाटलं, छोटीला असा एखादा मिळाला असता तर! साधा, कष्टाळू, सांगितलं ते ऐकणारा. देव देतो कुणाला आणि पोरी पसंत करतात कुणाला!

"लग्न झालंय का रे तुझं?" मी बटण लावता लावता विचारलं.

त्याचा चेहरा एकदम उजळला. "अजून नाही. आता तेच ठरायचंय ना, दादा!"

"ठरेल, ठरेल," मी म्हटलं. "मुलगी नशीबवान आहे." आणि त्याला पाण्याकडं ढकललं.

खोलीत परतलो तर माझ्या मागोमाग छोटी दारात हजर. धापा टाकत, पदर कमरेला खोचलेला, खांद्यावर ग्रंथालयाची पिशवी. मी नाटकी हात करून खुर्चीकडं बोट दाखवलं.

"हा बघ तुझा डॉक्टर!"

छोटीनं त्याच्याकडं बघितलं. त्यानं छोटीकडं बघितलं आणि उठून उभा राहिला. "हिरोईन का? नमस्कार मॅडम. जरा हळू ढकला हं, कंबर धरलीय."

"दादा," छोटी अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "हा कोण आहे?"

"डॉक्टर! शर्ट बघ ना!"

"शर्ट बघितला! शर्ट त्यांचाच आहे. आतला माणूस कोण आहे?"

मी त्या माणसाकडं वळलो. "तुम्ही दातांचे डॉक्टर ना?"

"मी? मी डबल आहे हो! मावशींनी पाठवलंय. केव्हापासून बसलोय, कुणी पाडेल म्हणून वाट बघतोय."

तेवढ्यात एक प्रश्न माझ्या डोक्यात येऊन बसला आणि तोच प्रश्न छोटीच्या तोंडातून बाहेर पडला.

"मग ते कुठं आहेत?"

बाहेरून साहेबांचा आवाज आला. "अ‍ॅक्शन!"

मी धावलो. माझ्या मागं छोटी, तिच्या मागं मोहरीचा शर्ट. अंगणात पोचलो तेव्हा काकांची काठी हवेत होती, क्रीम कोट उलट्या पावलांनी तलावाकडं निघाला होता. "थांबा!" मी ओरडलो. छोटी त्याहून मोठ्यानं ओरडली, "अहो!"

तो "अहो" ऐकून डॉक्टरांनी गर्रकन मान वळवली. तिला बघितलं. भर कॅमेऱ्यासमोर तोंडभर हसले, हात हलवला, आणि केकच्या गाडीवर आदळून गाडी, केक, टेबलक्लॉथ सगळ्यासकट पाण्यात अदृश्य झाले.

"कट!" साहेब खुर्चीवर उभे राहिले होते. "ओके! ओके! याला म्हणतात पडणं! चेहरा दिसला तरी चालेल, मी हिरोचा नंतर चिकटवतो!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खऱ्या डबलनंही. "ताकद आहे पोरात," तो म्हणाला. "पण पाय फार हलवतो."

छोटी तलावाच्या काठावर गुडघे टेकून बसली होती. डॉक्टर वर आले, केस कपाळावर चिकटलेले. मी हात देऊन त्यांना बाहेर ओढलं, टॉवेलात गुंडाळलं, खुर्चीवर बसवलं. मग त्यांच्यासमोर उभा राहिलो. काय बोलायचं? कोणत्या तोंडानं?

"तुम्ही सांगितलं का नाहीत," मी म्हटलं, "की तुम्ही छोटीचे..."

"मी आल्या आल्या म्हटलं ना, तिनं पाठवलंय."

"पण पाण्यात कशाला पडलात?"

"तुम्ही म्हणालात, तुमची इच्छा आहे." डॉक्टर कुडकुडत होते, पण आवाज शांत होता. "मला वाटलं, तुमच्याकडं माणूस कमी पडलाय. होणाऱ्या मेव्हण्याला पहिल्याच भेटीत नाही कसं म्हणणार? आणि तिनं बजावलं होतं, नाही म्हणायचं नाही. म्हणून तीनदा पडलो."

"अहो, म्हणून तीनदा?" छोटी किंचाळली.

"दुसऱ्यांदा मला शंका आली होती. पण म्हटलं, असतील तुमच्या घरचे लोक असे."

मी घसा साफ केला. दादाची जबाबदारी म्हणून एक असते. "हे बघा, झालं ते झालं. माझा होकार आहे. एकदम पक्का! आईला आत्ता फोन करतो."

छोटी उभी राहिली. तिचे डोळे बघून वॉकीबाई दोन पावलं मागं सरकली.

"तुझा होकार? तुला कुणी विचारला? आता त्यांना विचार! त्यांनी हो का म्हणावं? काठीवाल्याला अंगावर घालतोस, गारठ्यात भिजवतोस, तासाभरापूर्वी त्यांची दोन लग्नं लावलीस! मी त्यांच्या जागी असते तर हेल्मेट उचलून केव्हाच गेले असते."

मग तिचा आवाज एकदम फुटला. "गेलात तरी मी काही म्हणणार नाही," ती डॉक्टरांना म्हणाली आणि त्यांच्याकडं पाठ करून उभी राहिली.

लाईटवाले लाईट बंद करायचेही थांबले. काका काठी पाठीमागं लपवून उभे. मी डॉक्टरांच्या टॉवेलकडं बघत होतो. चेहऱ्याकडं बघायची हिंमत नव्हती.

डॉक्टरांनी कानातला केक करंगळीनं काढला. मग म्हणाले, "मी तुझ्याशी लग्न करायला आलोय. तुझ्या दादांच्या कोटाशी नाही. माझा होकार आहे."

छोटी वळली. काकांनी काठी टाकून डोळे पुसले. साहेब वॉकीबाईच्या कानात पुटपुटले, "हे लिहून घे, शेवटच्या सीनला चालेल."

"फक्त एक अट आहे," डॉक्टर म्हणाले.

"बोला!" मी पुढं झालो. "काय वाटेल ती! लग्नाचा सूट मी असा शिवून देतो, की..."

"तीच अट," ते म्हणाले. "लग्नातले कपडे मी बाहेर शिवून घेईन. आणि दादांनी मला हात लावायचा नाही."

मी मान्य केलं. न करून सांगतो कुणाला?

लग्न झालं. नोंदणी कार्यालयात, मोजक्या लोकांत. मावशी आल्या, काका आले, खरा डबल आला, त्यानं मोहरीचा शर्ट धुऊन परत आणला होता. आणि डॉक्टर आले बाहेर शिवलेला सूट घालून. काय सांगू तुम्हाला! डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर वर! शिंप्याला आंधळा म्हणावं तर आंधळ्यांचा अपमान! मी दिवसभर दोन्ही हात पाठीमागं बांधून उभा होतो. छोटी दर पाच मिनिटांनी माझ्याकडं बघायची, मी नजर छताकडं वळवायचो. जेवताना गप्प. सह्या करताना गप्प. सगळं निभावलं.

शेवटी फोटोग्राफर म्हणाला, आता सगळ्या घराचा एकत्र फोटो. सगळे ओळीत उभे राहिले. मी नेमका डॉक्टरांच्या शेजारी. तो खांदा माझ्या नाकासमोर. मी म्हटलं, एक क्षण! फोटोपुरता! नुसती शिलाई खाली ओढतो, कुणाला कळणारही नाही. आणि हळूच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

माझा हात लागला मात्र, डॉक्टर तिथल्या तिथं उलट्या पावलांनी सुटले! मागं तलाव नव्हता म्हणून बरं, नुसत्या खुर्च्या होत्या.

तो फोटो आता छोटीनं फ्रेम करून त्यांच्या दवाखान्यात लावलाय, पेशंटच्या खुर्चीसमोर. आई हसतेय, छोटी हसतेय, काका हसतायत. नवरदेवाच्या जागी खाली नुसते दोन बूट दिसतात. आणि शेजारी मी, फार मन लावून, हवेचा खांदा सरळ करतोय.

पेशंट विचारतात, "हे कोण?" छोटी सांगते, "माझा मोठा भाऊ. माणसं ओळखतो."

माझी एक दाढ गेले कित्येक दिवस ठणकतेय. पण मी दुसऱ्या डॉक्टरकडं जातो.